पाणी ओतणारा हात

यशवंतपूर, बेंगळूर
रविवार, ७ जुलै १९९६

दादास,

आणि ‘चोर’ हा शब्द तू दोनदा लिहिलायस. एकदा लिहून समाधान झालं नाही? पहिल्या पानावर चोर, शेवटच्या पानावर पुन्हा चोर, मध्ये ‘सातवी नापास’ आणि ‘बोर्ड रंगवणारा’. पोरांच्या वह्या तपासून तपासून तुझी लाल शाई आता भावाच्या पत्रातसुद्धा उतरायला लागली.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याला तेल लावतोस, की नुसतं ‘लावू’ म्हणतोस? वहिनींना नमस्कार. मी बरा आहे. जेवणाची काळजी करू नको म्हणावं आईला. मार्केटच्या मागं एक बाई ज्वारीची भाकरी करून घालते. विजापूर-बागलकोटकडचे सगळे हमाल तिच्याकडंच जेवतात. भाकरी पातळ असते, आपल्या घरच्यासारखी, कडेला जराशी करपलेली. झाली खुशाली. आता भांडण.

चोरी कशाला म्हणायचं ते मला सांग. तुझ्या पटकथेचं बाड मी ट्रंकेतून पळवलं का? तूच बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलंस. ‘गांधीनगरात सिनेमावाले असतात, तू त्यांचे बॅनर रंगवतोस, कुणाला तरी दाखव’ अशी तुझ्या अक्षरातली चिठ्ठी वर टाचलेली होती. दाखवलं मी. मराठी आहे म्हटल्यावर इथं कुणी पहिलं पानसुद्धा उलटलं नाही. कोल्हापूरच्या त्या निर्मात्यानं निदान वर्षभर ठेवून तरी घेतलं होतं. परत देताना वर चहाच्या कपाचं गोल उठवून का होईना.

मग पद्मनाभराव भेटले. मागच्या पत्रात सगळं लिहिलं होतं, पण तू रागात वाचतोस म्हणून परत लिहितो. चामराजपेटेत त्यांचा छापखाना आहे, देवादिकांच्या चित्रकथा छापतात. तीन पिढ्या इथंच गेल्यामुळं त्यांच्या मराठीत मध्येच कन्नड येतं. त्यांनी कुठं परदेशी चित्रकादंबऱ्या बघितल्यात, जाडजूड, सबंध पुस्तकात एकच गोष्ट, आणि तीही मोठ्या माणसांची. तसं एक मराठीत काढायचं त्यांच्या डोक्यात बसलंय. तुझं बाड त्यांनी छापखान्यात उभ्याउभ्या वाचलं. म्हणाले, “गुंडूराव, सिनेमाला पैसा लागतो. कागदाला स्वल्प कमी लागतो. हे तुम्ही काढा.”

म्हणून मी काढतोय. पण तुझ्या सहीशिवाय ते एक पानही छापणार नाहीत. संमतीचा कागद पुन्हा सोबत जोडलाय. पहिला तू चुलीत घातलास म्हणतोस. हा घालू नको.

नमुन्याला पाठवलेली पानं बघून तुझं पहिलं रडगाणं की मी संवाद कापले. हो, कापले. बापाचं तोंड, तोंडाशेजारी फुगा, आणि फुग्यात मावतील तेवढेच शब्द. तुझ्या पटकथेतला बाप उंबऱ्यात उभा राहून अडीच पानं बोलतो. आपले बापू जन्मात कधी सलग अडीच वाक्यं बोलले होते का? ते घरात येऊन चप्पल पालथी टाकायचे आणि सगळ्या घराला काय ते कळायचं. मी पालथी चप्पल काढली, भाषण गेलं. तुला झोंबलं, कारण चप्पल बापूंची होती आणि भाषण तुझं.

‘कॅमेरा हळूहळू मागे सरकतो.’ सरकव म्हणावं. कागद सरकत नाही. तीच खोली मला चारदा काढावी लागते, दर वेळी जरा लहान, तेव्हा कुठं वाचणाऱ्याला वाटतं आपण मागं चाललोय. आणि ‘सनईचे करुण सूर’ मी कसे काढू? सनईवाला काढला तर लोक विचारतील, लग्न कुणाचं?

एक वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलंय. आई परातीत पीठ मळताना म्हणते, ‘रोज एक भाकरी जास्तीची होते, हाताला कळत नाही.’ ते वाचून मी ब्रश धुवायला उठलो आणि बराच वेळ ब्रशच धूत राहिलो. तुला लिहिता येत नाही असं मी म्हणत नाही. तुला बघता येत नाही असं म्हणतोय.

आता सुनंदाचं तोंड. ‘ही कोण बाई काढलीस? माझी सुनंदा अशी नाही,’ असं लिहून तू खाली दोन रेघा ओढल्यास. तुझी सुनंदा म्हणजे आपली प्रेमाताई, हे गावात शेंबड्या पोरालाही कळेल. नाव बदललंस, दुसरं काय बदललंस? बोअरच्या गाडीबरोबर आलेला कानडी मुलगा तोच. त्याच्याबरोबर तिचं जाणं तेच. घरात तिचं नाव काढायचं नाही हा बापूंचा कायदा, आणि बापू गेल्यावर तू तो चालवतोस. इथं बेंगळूरला तो चालत नाही. मी नाव काढतो. प्रेमाताई, प्रेमाताई, प्रेमाताई.

तू लिहितोस, ‘सडपातळ, हरिणीच्या डोळ्यांची.’ पण ती परत दारात येते तेव्हा सात वर्षं गेलेली आहेत हेही तूच लिहिलंयस. सात वर्षांत बाईचं अंग भरणार नाही? मी काढलेली बाई गालानं भरलीय, केसात कनकांबराची वेणी, मनगटावर तव्याचा डाग. पुढच्या दातांत फट आहे. ती तर प्रेमाताईलाही होती, की तीपण पुसून टाकलीस? मला समोर तोंड असल्याशिवाय तोंड काढता येत नाही. बसायला एक बाई मिळाली. कोण, कुठली, ते तुला कशाला पाहिजे? पैसे घेत नाही, एवढं कळलं तरी पुरे.

तोंडांचा मला सराव नाही, हे खरं. आमच्या शेडमध्ये तोंडं मालक रंगवतो. नवीन पोरांकडं साड्या आणि आभाळ. मी आल्यापासून हात-पाय काढतो. चाळीस फुटी हिरोचा अंगठा माझ्याएवढा असतो, त्याच्या नखावर मी परातीएवढा पांढरा रंग लावतो. तेव्हा हातांबद्दल मला विचारायचा हक्क आहे, आणि तो मी आता बजावतो.

अंघोळीचा प्रसंग. तुझ्या बाडात तो चार ओळींचा आहे. ‘अंगण. सकाळ. बापाच्या डोक्यावरून पाणी. पाण्याचा आवाज. कट.’ पद्मनाभराव मला म्हणाले, “नावानं अंघोळ केली असं लोक बोलण्यात म्हणतात हो. खरंच करतं का कुणी? जित्या मुलीच्या नावानं?” मी म्हटलं, आमच्याकडं केली. म्हणाले, “मग त्याला सबंध पान द्या.”

सबंध पान म्हणजे सबंध अंगण, दादा. सिनेमात डोकं आणि पाणी दाखवलं की भागतं. पानात घंगाळ काढावं लागतं. चूल काढावी लागते, चुलीपुढं लाकडं सारणारा पोरगा काढावा लागतो. तो मी. मी मला गाळलेलं नाही, पाठमोरा बसलोय. दाराआड आई. मधल्या पाटावर बापू, हात मांडीवर ठेवून. आणि त्यांच्या डोक्यावर तांब्या. तांब्या हवेत राहत नाही. तो धरणारा हात कुणाचा काढू? सांग. तू लेखक आहेस.

शेवटाचंही बोलून टाकतो. सुनंदा परत येते, दार उघडत नाही, ती विहिरीत उडी घेते, समाप्त. हा शेवट मला काढवत नाही. तिला जिवंत ठेव. दार उघडू नको हवं तर, पण जिवंत ठेव. तेवढं एक मान्य कर आणि सही कर. पुस्तकावर तुझं नाव वर येईल, माझं खाली. अजित चौगुले, मोठ्या अक्षरात. ज्या नावासाठी कोल्हापूरच्या पायऱ्या झिजवल्यास, ते मी फुकट छापून देतोय, आणि तू मला चोर म्हणतोस.

दोनशे रुपये मनीऑर्डर केलेत. चोराचे आहेत, मोजून घे.

गुंडू


यशवंतपूर
रविवार, १८ ऑगस्ट १९९६

दादा,

तुझं पत्र मिळालं. आई बरी आहे हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून वाटलं नाही.

‘काढ एखाद्या गड्याचा हात.’ काय पण सुचलं तुला! आपल्याकडं गडी होता कधी? दोन म्हशींचं शेण आपण दोघं काढत होतो. गड्याचा हात काढायला मी गड्याचा हात बघितलेला पाहिजे. त्या दिवशी अंगणात मी जो बघितला, त्याच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. गुऱ्हाळाच्या चरकात सापडलं होतं, मग ते तसंच वाढलं. मी तोच काढलाय. मनगटापर्यंतच आहे, पुढं चौकट संपते. पुढचा माणूस तुझा तू ओळख.

तू म्हणशील, बापूंनी सांगितलं आणि मी ओतलं, मी काय करणार होतो? मला ठाऊक आहे. मीपण लाकडं सारली. फरक एवढाच की तू त्याची गोष्ट लिहिलीस आणि गोष्टीत तू कुठंच नाहीस. बाप आहे, आई आहे, भावकी आहे, आगीत तेल ओतणारा मामा आहे. थोरला भाऊच नाही! सुनंदाला भाऊच दिला नाहीस. एवढी कापाकापी मीसुद्धा केली नाही.

आणि तुझी अट. ‘विहीर राहील. माझ्या लेखनातला एक शब्द बदलणार नाही असं लिहून दे, मग सही करतो. कलेच्या दृष्टीनं तिचं मरणच योग्य आहे.’ हे वाक्य मी पद्मनाभरावांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “तुमचे अण्णा शाळेत मराठी शिकवतात काय?” मी हो म्हटलं. “हां, मग सरी, बरोबर आहे,” म्हणाले.

त्यांनी माझी बाजू घ्यायला नकार दिला, हेही सांगतो. “लेखक म्हणेल ते. तुम्ही दोघं भाऊ भांडा, माझी मशीन मध्ये आणू नका.” म्हणजे तुझ्या सहीवर सगळं अडलंय, आणि तुझी सही विहिरीवर. ऐंशी पानं होऊन पडलीत माझी.

म्हणून परवा तो शेवट मी त्या बसणाऱ्या बाईला वाचून दाखवला. दुपारचे हमाल जेवून गेले होते, ती परातीपुढं बसली होती, मी तिचे हात काढत होतो. दार वाजवते, दार उघडत नाही, पायवाटेनं विहिरीकडं जाते, सगळं वाचलं. ती मान खाली घालून ऐकत होती. ‘ती विहिरीत उडी घेते. पाण्याचा आवाज. अंधार,’ असं मी म्हटलं आणि ती हसायला लागली. कशी हसली म्हणून सांगू! पीठ उडालं सगळं. म्हणाली, “विहिरीत? आणि बुडाली? अय्यो, सुनंदाला पोहता येतंय की रे!”

नंतर उडालेलं पीठ गोळा केलं. मग म्हणाली, “आणि दारात कशाला जाईल ती? ती काही येत नव्हती परत. तुम्हीच तिला बोलावून घेतलंत, तुम्हीच ढकललंत.”

आता तू विचारशील, भाकरी करणाऱ्या कुणा बाईला सुनंदाला पोहता येतं हे कसं ठाऊक.

विचार.

विचारायच्या आधी जरा आठव. तुला पोहायला कुणी शिकवलं? बापूंनी नाही, ते काठावर उभे राहायचे. पाठीला सुकलेला भोपळा बांधून तू पाण्यात उतरायचास आणि बुडतो-बुडतो म्हणून बोंब मारायचास. परकराचा काचा मारलेली ती पोरगी, तुझ्याहून लहान, खालच्या पायरीवर उभी राहायची. तुझ्या हनुवटीखाली हात कुणाचा होता? हात काढून घेतला की तू रडायचास, म्हणून ती काढून घ्यायची नाही. सबंध उन्हाळा. गावात तिच्यासारखं पोहणारं कुणी नव्हतं. वरच्या कठड्यावरून सूर मारायची आणि पार समोरच्या पायरीला जाऊन निघायची.

आणि तू तिला बुडवलीस. बुडवायला काय दुसरं काही सुचलं नाही? साप होता, विष होतं, बसखाली देता आली असती. तू तिला पाण्यात मारलीस, दादा. इतकं विसरलास तिला.

उद्या पंचमी. गावात लेकी आल्या असतील. आपल्या चिंचेला झोका बांधलाय का? ही बाई काल मला विचारत होती. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी इथं आहे.

दीडशेच पाठवतोय. बाकीचे कागदाला आणि शाईला गेले.

गुंडू


यशवंतपूर
रविवार, २९ सप्टेंबर १९९६

अजित चौगुले सर यांस,

सही मिळाली. सहीबरोबर जे पत्र आलं त्याला पत्र म्हणवत नाही. ‘माझ्यापुरती ती विहिरीतच आहे. एक शब्द बदलायचा नाही. यातलं आईच्या कानावर जाता कामा नये.’ पूर्वी चार-चार पानं शिव्या यायच्या, त्या बऱ्या होत्या.

पण म्हणजे तू ओळखलंस. ‘ती कुठं आहे, कशी आहे’ एवढंही न विचारता ओळखलंस. तू विचारलं नाहीस तरी मी सांगतो, ऐकून घ्यायला काही सही लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेडमधून कटआऊट न्यायला टेम्पो आला. हिरोचे पाय चढवताना दोर सुटला आणि मी मराठीत आईबहीण काढली. टेम्पोवाला खाली उतरला. म्हणाला, “ही शिवी मी संकेश्वराकडं ऐकलीय.” मंजुनाथ. बोअरच्या गाडीवरचा. आता केस मागं गेलेत, पोट आलंय. बोअरचं काम सोडलं, स्वतःचा टेम्पो घेतला, होसकोटेच्या कारखान्यांचा माल वाहतो. मी त्याला मारायचं ठरवलं होतं लहानपणी. तिथंच मारायला हवं होतं, पण हिरोचा एक पाय माझ्या खांद्यावर होता. तो मला घरी घेऊन गेला. घर म्हणजे मार्केटच्या मागची खानावळ. ती चुलीपुढं होती. मला बघून उठली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, फुगेपर्यंत थांबली, ताटात घातली आणि म्हणाली, “बस. किती वाळलायस.”

झालं एवढंच. तेव्हापासून जेवतोय तिथं. आईला मी खोटं काहीच लिहिलं नाही. भाकरी घरच्यासारखी लागते असं लिहिलं होतं.

बापू गेल्याचं तिला माझ्याकडून कळलं. अंघोळीचं कळलं नव्हतं. ते तिला तुझ्या पटकथेतून कळलं, म्हणजे माझ्या पानातून. ती तोंड काढून घ्यायला यायची, मी पान पालथं करून ठेवायचो. एक दिवस तिनं ते सुलटं केलं. मी म्हटलं, ताई, ते राहू दे. तिनं ऐकलं नाही. बराच वेळ बघत बसली. घंगाळ ओळखलं, त्याचा चेपलेला काठ ओळखला. मला पाठीवरून ओळखलं. मग बोट तांब्यावर आलं, तांब्यावरून अंगठ्यावर.

“अजितचा हात,” म्हणाली. तो चरकात सापडला तेव्हा तिनंच परकर फाडून बांधला होता, ते तिनं मला सांगितलं नाही. मला आठवलं.

मी म्हटलं, ओरड, काहीतरी बोल, मी सगळं त्याला लिहून पाठवतो. मला तुझ्यासाठी काहीतरी जहरी पाहिजे होतं, खोटं कशाला सांगू? ती म्हणाली, “पाणी कढत नव्हतं ना रे? बापूंना कढत सोसायचं नाही.”

हे तुला लिहिण्यासारखं नव्हतं. लिहिलं. तुझं तू बघ.

आता पुस्तकाचं ऐक. तुझी अट मी पाळलीय, पद्मनाभरावांच्या पुढ्यात एकेक ओळ ताडून बघितलीय. शेवटच्या प्रसंगात तुझा एक शब्द इकडचा तिकडं नाही. ती दार वाजवते. दार उघडत नाही. ती विहिरीत उडी घेते. पाण्याचा आवाज, तो मी गोल गोल लाटांनी काढलाय. अंधार, सबंध काळं पान. खाली तुझ्या अक्षराबरहुकूम ‘समाप्त’. पंच्याण्णव पानं झाली.

पण छापखान्यात सुटं पान छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि घड्या घालून कापतात, त्याला फर्मा म्हणतात. सहा फर्म्यांची शहाण्णव होतात. एक पान उरलं. पद्मनाभराव म्हणाले, “त्यावर उदबत्तीची जाहिरात घेऊ. ओळखीचे आहेत.” मी म्हटलं, जाहिरात नको, ते पान मला द्या. “अण्णांनी लिहून घेतलंय, शब्द वाढवायचा नाही.” मी म्हटलं, शब्द वाढवत नाही.

एकही शब्द नाही त्या पानावर. तोंडही नाही. नुसत्या विहिरीच्या पायऱ्या आहेत, आपल्याच विहिरीच्या, तिसरी पायरी फुटकी. सकाळचं ऊन आहे. आणि पाण्यापासून वर कठड्यापर्यंत ओली पावलं उमटलीत. तुला ठाऊक आहे मी पाय चांगले काढतो. त्यासाठी ती बादलीत पाय बुडवून खानावळीच्या फरशीवर मला चालून दाखवत होती, पुन्हा पुन्हा, कारण ठसे उन्हानं वाळून जात होते. मंजुनाथ दारात उभा राहून म्हणत होता, “इदेनु हुच्चु?” म्हणजे हा काय वेडेपणा. तिला हसू आवरत नव्हतं.

कोर्टात जायचं तर जा. तुझ्या सहीच्या कागदावर ‘शब्द’ लिहिलंय. पायांचं काही लिहिलेलं नाही.

पुस्तक दिवाळीला निघेल. तुझ्या पाच प्रती मी रजिस्टरनं पाठवीन. वर तुझं नाव मोठं आहे, मी माझा शब्द पाळलाय. पुस्तक तू चुलीत घालशील हे मी धरून चाललोय. पहिल्यांदा शेवटचं पान बघ, मग घाल.

पितृपंधरवडा लागलाय. बापूंचं पान वाढशील तू, खीर-वडे सगळं. तिचं पण वाढतोस काय? तिच्या नावानं पाणी ओतलंस, मग तेही वाढायला पाहिजे. कावळा येऊन बसला तर त्याला म्हणावं, ती यशवंतपुरात आहे, हमालांना जेवू घालतेय, तिला सवड नाही.

आईच्या कानावर जाता कामा नये म्हणतोस. मी तिला पत्र लिहिलं तर ते तूच वाचणार, मला ठाऊक आहे. ताईला मी तेच म्हटलं. तिनं पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि म्हणाली, “मनीऑर्डर कर. आईच्या नावावर. पाठवणार म्हणून माझं नाव घाल.” मी म्हटलं, दादा परत पाठवील. म्हणाली, “परत येऊ दे. पोस्टमन दारात नाव तर वाचेल?”

वाचेल. आपला पोस्टमन ओट्यावर उभा राहून नाव वाचतो, आणि आईला कमी ऐकू येतं म्हणून आणखी मोठ्यानं वाचतो. तू तेव्हा शाळेत असशील. अंगठा आईचा लागेल. तुझी सही तिथं चालत नाही.

ती म्हणाली, माहेरी पाठवायचे तर वर एक रुपया पाहिजे. तो मी घातला. माझे या महिन्यात तेवढेच समज. उद्या सकाळी पोस्ट उघडलं की करतो.

तुझ्या पुस्तकाचे हात-पाय काढणारा,
गुंडू

पाठवणार: प्रेमा मंजुनाथ, यशवंतपूर. रुपये पाचशे एक.